हैबतीचं पान

सर्वपित्रीला प्रवीण मुंबईहून आला आणि बापाच्या नावाने त्याने कौलांवर पहिल्यांदाच पान ठेवलं. बाप त्याने पाहिलेला नाही.

बासष्टच्या लढाईत त्याचा बाप हैबती बर्फातल्या एका लहानशा चौकीवर होता. खालची छावणी मागे हटली. चौकीसाठी हुकूम एवढाच होता:

निघा.

टेलिफोनची तार तुटली होती, म्हणून हुकूम वर पोचलाच नाही. घरी 'बेपत्ता' असं कळवण्यात आलं. बेपत्ता माणसाचं पान ठेवत नाहीत, म्हणून त्याची बायको तुळजाबाई म्हातारपणीही कुंकू लावत राहिली.

आता त्यांच्या कापडे गावात शहिदांच्या नावांचा दगड बसणार होता.

"आये, दगडावर नाव आनि तुझ्या कपाळावर कुंकू, लोक हसतील गो."

"हसतील ते माझ्या कपाळाला. तुझं काय जातंय रे?" ती म्हणाली. पण सकाळी तिने कुंकू पुसलं.

दुपार झाली. आंब्यावर कावळे बसून होते, पण एकही पानाला शिवला नाही.

प्रवीण शिडीवर चढला. कौलं हाताला चटके देत होती. पान खाली आणेपर्यंत मात्र त्याची बोटं बधिर झाली. भात गोठून कडक झाला होता आणि वरणावर बर्फाची साय धरली होती.

भातात बोटं उमटली होती, घास घेताना उमटतात तशी. पण ती एकाच माणसाची नव्हती.

तुळजाबाईने त्या खळग्यांत आपली बोटं ठेवून पाहिली.

"अख्खी चौकी अजून हुकमाची वाट बघते हाय, प्रवीण," ती म्हणाली. "आनि तू मला कुंकू पुसायला लावलंस."