उभ्याने मतदान

हात वर करून केलेली मोजणी दोनदा चुकली, तेव्हा अध्यक्ष मार्लिसने टेबलावर हातोडी आपटली. "पुरे झाला पोरखेळ. आता उभ्याने मतदान. ठराव मान्य असेल त्यांनी उभं राहायचं आणि मोजून होईपर्यंत बूड टेकायचं नाही."

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मागच्या टेबलावर पक्षाच्या वार्षिक जेवणाचे ट्रे गार होत चालले होते. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ठराव डेल टॉर्विकच्या निषेधाचा होता. डेल म्हणजे याच लोकांनी निवडून राज्याच्या सिनेटमध्ये धाडलेला माणूस. निषेध मंजूर झाला की पुढची उमेदवारी गेलीच म्हणून समजा.

डेलने केलं काय, तर समोरच्या पक्षाशी हातमिळवणी केली. गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद पडणार होता, तो वाचवला. बदल्यात संपावरच्या कामगारांना बेकारभत्ता देण्याचं कलम सोडून दिलं. पक्षाच्या जाहीरनाम्यात हेच कलम सगळ्यांत वर होतं.

"आज भत्ता विकलास," ठराव मांडणारी रोंडा म्हणाली. शाळेत शिकवायची ती, आवाज हॉलभर पोचायचा. "उद्या काय विकशील? युनियनच विकून टाक ना, म्हणजे कटकट संपली!"

"तू बस तत्त्वं कुरवाळत," डेल उसळला. "जनेलला कळा सुरू झाल्या की तुझ्या तत्त्वांत घालून ने तिला दीड तास लांब. बर्फातून!"

जनेल मार्लिसची मुलगी. आठवा महिना लागलेला, तरी कॉफी वाटत फिरत होती. "माझं नाव मध्ये आणू नकोस हं, डेल," ती म्हणाली आणि किटली आपटून ठेवली.

मार्लिसचं डोकं ठणकत होतं. दोघंही खरं बोलत होते, तेच तिला सोसवेना. डेलला राजकारणात तिनेच आणलं. त्याच्यासाठी थंडीवाऱ्यात दारं ठोठावली. आणि तिचा नवरा आर्व्हिड मांसाच्या कारखान्यातला. तिथे संप झाला, त्या हिवाळ्यात घरात बटाट्यांशिवाय काही शिजलं नव्हतं.

"ठरावाच्या बाजूचे, उठा."

पहिल्या रांगेत आर्व्हिड वॉकरला धरून, कण्हत कुंथत उठला. मार्लिसला त्याचं नवल वाटलं नाही. चिटणीसाने डोकी मोजली.

"बसा. आता विरोधातले."

हे बसले, ते उठले. पुन्हा मोजणी झाली. चिटणीसाने चष्मा पुसला. "दोन्हीकडे सारखीच."

"सारखी कशी?" रोंडा ओरडली. "आर्व्हिडला दोनदा मोजलंय! तो बसलाच नाही!"

हॉलमध्ये हशा पिकला. "अगं, त्याला बसायला पुढची निवडणूक उजाडेल," मागून कुणीतरी म्हणालं.

आर्व्हिड हसला नाही. तो उभाच होता, वॉकरवर पांढरी बोटं रोवून.

"तुझं मत कुठलं, आर्व्हिड?" मार्लिसने विचारलं.

"दोन्ही."

"असं चालत नाही. एकदाच उठायचं असतं."

"तुझ्या नियमात चालत नसेल. ते बटाटे आठवले म्हणून उठलो. जनेलकडे नजर गेली, मग बसवेना."

"एक काहीतरी मागे घे ना."

"तूच ठरव. अध्यक्षबाई तू आहेस."

मार्लिसला भयंकर संताप आला. घरीदारी हेच, शेवटचं ओझं तिच्याच डोक्यावर. तिने त्याची दोन्ही मतं खोडायला लावली. तरी आकडे सारखेच राहिले. आता काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. बरोबरीत ठराव पडतो. पण अध्यक्षाने ठरावाला स्वतःचं मत दिलं, तर तो तरतो.

"डेल," ती म्हणाली, "ते कलम सोडण्याआधी संप केलेल्या एका तरी माणसाला विचारलंस?"

"वेळ नव्हता."

"फोनसुद्धा नाही?"

डेलने मान खाली घातली. "फोन केला असता, तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

मार्लिस संध्याकाळपासून टेबलामागे उभी होती. तिने रोंडाकडे पाहिलं, मग जनेलच्या पोटाकडे. खुर्ची मागे ओढली आणि ती बसली.

"माझं मत नाही. ठराव पडला. जेवून घ्या."

रोंडा कोट उचलून तडक चालती झाली. लोक मुकाट्याने ट्रेकडे वळले. डेल लगबगीने पुढे आला, चेहरा उजळलेला. "मार्लिसबाई, मला खात्री होती, तुम्ही माझ्या बाजूने..."

"एवढी खात्री होती, तर फोन का नाही केलास रे?"

शेजारी आर्व्हिड अजून उभाच होता. त्याचे पाय लटपटायला लागले होते.

"बस की आता!" मार्लिस म्हणाली.

"एकट्याने जमत नाहीये."

जनेल धावली. "तू नको, पोटावर ताण येईल," त्याने तिला अडवलं. मग डेलने हात पुढे केला. आर्व्हिड त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने तो पकडला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला.

"धर," तो म्हणाला. "आणि या खेपेला मध्येच सोडू नकोस."