करप्याचा तरवा

वाडीतला गुरुदास जानकीच्या शेताच्या मेरेवर, बांधावर, उभा होता. हातात भाताची उपटलेली रोपं. पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके, कडेला तपकिरी, मध्ये राखेसारखे. करपा. जानकीने एकदा पाहिलं आणि पुन्हा वाकून आपला तरवा, लावणीची रोपं, उपटू लागली. तिचा तरवा हिरवागार होता.

मसुऱ्याच्या त्या वाडीत करपा म्हणजे दोन गोष्टी. एक भातावरचा रोग. दुसरा तिचा नवरा, बाबली. मुंबईत गिरणीचा संप झाला तेव्हा तिथे कामाला असलेले वाडीतले सगळे गडी बाहेर बसले. बाबली एकटा पोलिसांच्या लॉरीतून कामावर गेला. जानकी तेव्हा इस्पितळात तापाने फणफणली होती, औषधं विकत आणायची होती. पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही, तिलाही सांगू दिलं नाही.

"करपो मेलो," गुरुदास तेव्हा म्हणाला होता. "एका रोपाक लागलो काय सगळो वाफो जाता."

गिरणी सुटली, नाव सुटलं नाही. गावी परतल्यावर त्यांना कुणी लावणीला बोलावलं नाही, त्यांच्या कुणग्यात, भाताच्या तुकड्यात, कुणी उतरलं नाही. वाडीत एकमेकांचं बियाणं वाटून घ्यायची रीत. ह्यांना मूठभर मिळालं नाही. जानकीने ते माहेरून, इन्सुलीहून आणलं. यंदा तेवढंच वाचलं. वाडीच्या बियाण्याबरोबर रोगही घरोघर वाटला गेला होता.

"करप्याच्या मेरेर इलंस आणि वाचाच गेली रे?" शेजारी रोपांच्या मुठी बांधणारा बाबली हसून म्हणाला. "तरवो होयो मां?"

गुरुदासने खाली बघत मान हलवली.

"आदी तेका माफी मागूक सांगा," जानकी फणकारली.

"गप गो. लावणी थांबाची नाय." बाबलीने दोन्ही हातांत मावतील तेवढ्या मुठी गुरुदासच्या ओंजळीत दिल्या. "शेवंतीवयनीक सांग, मथुराकाकीकय सांग. सगळ्यांनी घेवन जावा."

संध्याकाळपर्यंत तरव्याची जागा जवळजवळ मोकळी झाली. एका कोपऱ्यात त्यांच्यापुरता उरला.

सकाळी जानकी शेतावर आली तर मेरेवर रांगेने पावसात डोक्यावर घ्यायची इरली. सगळी वाडी आली होती. तिच्या कुणग्याच्या कडेला शेवंती पदर खोचून उभी होती, म्हातारी मथुराकाकीसुद्धा होती. इतक्या माणसांचं हसणं त्या कुणग्याने कधी ऐकलं नव्हतं. जानकीचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने कासोटा घातला.

"पयलो कुणगो तुझो लावचो," गुरुदास बाबलीला म्हणाला. "सगळ्यांचा ठरलासा. उतर."

बाबली उतरला नाही. दोन्ही हात आडवे करून तो मेरेवरच उभा राहिला. जानकीला वाटलं, आता हा जुनं सगळं उकरून काढणार, आणि आलेली माणसं परत जाणार.

"नको रे गुरुदास," तो म्हणाला. "त्या खेपेक मी सगळ्यांच्या आदी कामाक गेलंय. ह्या खेपेक माझो कुणगो सगळ्यांच्या मागसून."