स्टोअरवाल्यांचा कॉम्प्युटर

दिवेलागणीच्या आत डबा बंद व्हायला हवा होता, आणि निरंजनच्या हातातला स्क्रू पुन्हा खाली पडला.

"घाई कशाला करायलास?" निरंजनचे आजोबा, बबनराव म्हणाले. "अजून उजेड आहे."

काळेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत, सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता. पिवळट, अवजड धूड नुसतं. चाकणच्या कंपनीने भंगारात काढला तेव्हा बबनरावांनी हौसेने उचलून आणलेला. पडदा शाबूत होता, पण डब्याच्या आतलं काही जगेना. निरंजनने पार कोथळाच काढला त्याचा, ग्राइंडरने पत्रा कापला आणि तळहाताएवढा नवा बोर्ड बसवला. आवक-जावकीचा जुना प्रोग्रॅम तेवढा कसाबसा वाचवला. बाहेरून मात्र केसभरही फरक दिसून चालणार नव्हता.

कारण संध्याकाळी स्टोअरवाले येणार.

घरात त्यांना सगळे स्टोअरवालेच म्हणत. नाव बबनरावांनीच ठेवलेलं. दिवेलागणीला यायचे, या कॉम्प्युटरवर नट-बोल्टांच्या नोंदी करायचे आणि शांत व्हायचे. कंपनीच्या स्टोअरमधली नोकरी कधीच संपली होती, पण ते त्यांना पटवायला गेलं की डोकं फिरायचं.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला, तर गृहस्थ तडक उठून कुठल्याशा कंपनीच्या बसमध्ये चढले. सापडले ते चाकणच्या कांदा मार्केटात, मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकापाशी. ड्यूटीवर निघालो होतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप घातलं, तर खिडकीची काच फुटली. बबनरावांच्या मनगटावरची पट्टी त्याच झटापटीची.

"आज जमलं नाही, तर त्याला मारुंजीच्या त्या वृद्धाश्रमात पोचवायचं," बबनराव म्हणाले. "मी सांगायलोय. कुणाचा जीव जाण्यापेक्षा ते बरं."

निरंजनची आजी यशोदाबाई भाजी निवडत होत्या. त्या उठून आत गेल्या. निरंजनला फार वाईट वाटलं, पण त्याने मान खालीच ठेवली.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. हुश्श, जमलं एकदाचं, असं त्याला वाटलं. बबनराव कान देऊन बसले होते. घरघर कुठाय, म्हणून त्यांनी विचारलं. हे तर मुकं आहे, त्याला लगेच संशय येईल. निरंजनने कचऱ्यातून जुना पंखा हुडकला आणि परत जोडला. घरघर सुरू झाली तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

पण लगेच कपाळाला आठी. डबा पुसताना खंडेनवमीचं हळदकुंकू गेलं होतं. यशोदाबाईंनी करंडा आणला आणि बबनरावांनी स्वतःच्या बोटाने, जुन्या जागी, तस्सा टिळा ओढला.

"फसतील ना ते?" निरंजनने हळूच विचारलं.

"मी ओळखून आहे त्याला. एकदा कामाला बसला की बाकीचं बघत नाही." बबनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मात्र मनाला लावून घेऊ नको. तो काय बोलेल त्याचा नेम नाही."

यशोदाबाईंनी देवापाशी दिवा लावला. बबनराव उठून आतल्या खोलीत गेले. निरंजनने झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळला, पसारा खाटेखाली ढकलला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

दार उघडलं. कंपनीच्या खाकी शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून बबनराव बाहेर आले आणि कुणाकडे न बघता कॉम्प्युटरपुढे बसले. टिळ्याला बोट लावून कपाळाला लावलं, बटण दाबलं, घरघर ऐकली. हिरवी अक्षरं आली तशी त्यांची बोटं सराईतपणे चालू लागली. मग त्यांनी मान वर करून निरंजनकडे पाहिलं.

"झकास चालायलंय मशीन," ते म्हणाले. "मेंटेनन्सवाले का तुम्ही, भाऊ?"