पाहणीपुरतं मशीन

टप्.

नळाखालच्या वाटीत थेंब पडला आणि ओट्याकडे पाठ करून, डोळे गच्च मिटून उभ्या असलेल्या ठमीनं टाळी वाजवली.

"पडला!" ती म्हणाली. हळूच म्हणाली. सकाळपासून ती हळूच बोलत होती, कारण सकाळपासून तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता.

"आई, हा कधीपासून असा वाजतोय?"

"झालं की वर्ष. बाबांना सवड मिळाली की गप्प करतील त्याला."

"नको! दुरुस्त नाही करायचा हं." तिनं पुन्हा डोळे मिटले. टप्. पुन्हा टाळी. आई भाजी चिरायची थांबून नुसती तिच्याकडे बघत राहिली.

दार वाजलं. तेही आधी ठमीलाच ऐकू आलं.

दारात सकाळी शाळेत दिसलेला माणूस होता. मुलांच्या कानातली मशीनं पुरवणाऱ्या कंपनीचा. खांद्याला तीच काळी पेटी.

"या ना, आत या," आई हात पुसत म्हणाली. "तुम्हाला धन्यवाद म्हणायचंच राहिलं सकाळी. जुन्या मशीनमधून नुसता वारा यायचा हो तिच्या कानात. आता नळाचा थेंब ऐकते पोरगी."

तो आत आला नाही. "ताई, शाळा सुटल्या सुटल्या तुम्ही हिला घेऊन निघालात. बाकीच्यांची तिथेच काढून घेतली. हे एकच राहिलं."

"काढून घेतली? का?"

"उद्या समिती पुढच्या शाळेत आहे. तिथल्या मुलांना घालायची."

"आणि मग परत आणून देणार ना?"

तो पेटीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "चांगला संच एवढाच आहे, ताई. समितीच्या गाडीआधी मला पोचायचं असतं. एवढ्या शाळा मी लहानपणीसुद्धा केल्या नाहीत." तो हसायला गेला. त्याला जमलं नाही.

आईनं दाराची चौकट धरली. तक्रार तिचीच होती. खात्यानं मुलांसाठी घेतलेली मशीनं बिनकामाची आहेत, हे ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. म्हणून तर सरकारी खरेदी तपासणारी विधिमंडळाची समिती आज शाळेत आली. समितीच्या अध्यक्षबाई ठमीच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "फुलपाखरू." ठमीनं मागे वळूनही न बघता तो शब्द जसाच्या तसा म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. मग त्यांनी आईला विचारलं, "तक्रार तुमचीच ना? आता काय म्हणणं आहे तुमचं?"

आईला वाटलं होतं, ऐकलं कोणीतरी आपलं. समिती येणार म्हटल्याबरोबर खात्यानं मशीनं बदलून दिली. "काही नाही," ती म्हणाली होती. "आता काही तक्रार नाही. उपकार झाले तुमचे." समितीच्या लघुलेखकानं ते तिथल्या तिथे उतरवून घेतलं होतं.

"आणि मी नाही दिलं तर?" तिनं विचारलं.

"शाळेच्या मोठ्या बाईंच्या पगारातून कापतील. सही त्यांची आहे." त्यानं आवाज खाली आणला. "त्यासुद्धा रडल्या मघाशी. मी पेटी लावत बसलो."

"थांबा. मी अध्यक्षबाईंनाच फोन करते."

"करा ना. मी कशाला अडवू?"

सकाळी मिळालेल्या कार्डावरच्या नंबरवर तिनं फोन लावला. उचलला त्यांच्या सहायकानं. ती भराभर सांगत सुटली. अर्ध्यावरच त्यानं तिला ओळखलं.

"अहो, तुम्हीच ना त्या उपकार झाले म्हणणाऱ्या? मॅडमना फार बरं वाटलं हो ते! येताना गाडीत दोनदा बोलून दाखवलं त्यांनी."

"पण ती मशीनं आमची नाहीत. आत्ता काढून नेतायत ती!"

"असं कसं होईल? मॅडमनी स्वतः तपासलीत. आणि तुमचं म्हणणं तर नोंदलं गेलंय, ताई. तेच अहवालात जाणार, सभागृहापुढे. आता वेगळं काही म्हणायचं असेल तर लेखी पाठवा. पुढच्या बैठकीत बघू." त्याचा सूर शेवटपर्यंत गोडच होता.

फोन ठेवून ती ओट्यापाशी आली. ठमीपुढे गुडघ्यांवर बसली.

"दे बरं जरा. साफ करायला न्यायचंय."

"लगेच आणतील?"

आईनं तिच्या कानामागचे केस बाजूला केले. मशीन तिच्या बोटांना अजून उबदार लागलं. दाराशी जाऊन तिनं ते त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं रुमालानं पुसून पेटीतल्या एकाच रिकाम्या खाचेत बसवलं, आणि जिना उतरून गेला.

आईनं खणातलं जुनं मशीन काढलं. ठमीनं शहाण्यासारखा कान पुढे केला. मग धावत ओट्याशी गेली, पाठ केली, डोळे गच्च मिटले आणि टाळीसाठी दोन्ही हात वर धरून उभी राहिली.

टप्.

हात तसेच वर.

टप्. वाटी भरत आली होती. टप्.

ठमीनं डोळे उघडले. वळली ती थेट आईकडे. आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढा.

"आई! मी नको म्हटलं होतं ना? नळ का बंद केलास?"