फ्लॉपीला भस्म

साल दोन हजार. बीडच्या क्लासात ईश्वरीची एचटीएमएलची परीक्षा होती. वेबपेज जमलं तर तिथंच शिकवायची नोकरी, नाहीतर दिंद्रुडच्या दुकानात पुन्हा तराजू. सोबत आलेल्या सासूबाईंनी जिन्यातच तिच्या कपाळाला भस्म लावलं आणि फ्लॉपीचा पत्रा सरकवून आतल्या तबकडीवरही भक्तिभावानं तीन बोटं ओढली. मग काय, कॉम्प्युटर फ्लॉपी वाचेचना! महिनाभर खपून केलेलं पान आतच अडकलं. “माजंच चुकलं बाई!” सासूबाई दारातून कळवळल्या. “असू द्या, आत्याबाई, पुन्हा लिहिते.” ईश्वरीनं कोऱ्या पडद्यावर पहिल्या कंसापासून सुरुवात केली. “सगळं पाठ केलंय?” सरांनी विचारलं. “नाही सर, समजलंय.” तासाभरात दुकानाचं पान झळकलं. सर हसले, “उद्यापासून बायकांची बॅच तुम्ही घ्या. पण येतील का?” “कावून न्हाई?” सासूबाई चपला काढून आत आल्या, “पहिलं नाव माजं लिवा.”