सत्तावीस वर्षांचं टोपडं

शैलजाताईंनी शेवटचा टाका घालून टोपडं मुलीपुढे नाचवलं. "झालं बाई एकदाचं! तुझ्या वेळी सातव्या महिन्यात विणायला घेतलं होतं."

मुलगी आता सत्तावीस वर्षांची, बँकेत अधिकारी. लक्ष टिकावं म्हणून डॉक्टरांनी शैलजाताईंना पन्नाशीनंतर गोळी सुरू केली आणि आठवड्यात हा चमत्कार घडला. "तुझी आई अर्धवट काही सोडत नाही," त्या ऐटीत म्हणाल्या, "जरा वेळ घेते, एवढंच."

मुलीनं हसत ते अंबाड्यावर चढवलं. बांधायला गेली तर बंद एकच होता.

शैलजाताईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजले होते. सकाळच्या गोळीचा परिणाम संपला होता. "दुसरा उद्या लावते," त्या ओशाळून म्हणाल्या.

"नको, आई," मुलगी म्हणाली. "दोन्ही असते, तर हे तू विणलंयस असं वाटलंच नसतं."