तांडेलांची पंचविशी

"सांगून कुणाला पटायचं नाही, पण माझ्या रक्तवाहिन्या पंचविशीतल्या आहेत!" ऐंशी वर्षांचे धाकू तांडेल म्हणाले.

ज्याच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर झिजलं, त्याला आता खाडीवरची फेरीबोट चालवू देत नसत. तपासनीसबाईंनी त्यांच्या मनगटावरची, आठवडाभर रक्तवाहिन्यांचं वय नोंदवणारी पट्टी पुन्हा वाचली. आकडा तोच आला, पण संशय जाईना.

"खाता तरी काय?"

"कोकमाची सालं, रोज मूठभर. त्यातलं द्रव्य आतून मुलामा चढवतं."

"खोटं!" चहा घेऊन आलेली त्यांची बायको चंद्रावती कडाडली. "आंबट जिभेला लागलं तरी तोंड वाकडं करता. कोकमं खाते मी! आणि सांधेदुखीची म्हणून ही पट्टी आठवडाभर माझ्याच मनगटावर चिकटवली होतीत. बाई, बोटीची चावी मला द्या. सुकाणू मलाही धरता येतं."